अर्ध्या दिवसाचा दर्या

नाव भाड्याने मिळते, खलाशी रोजाने मिळतो, बंदरात माल उतरवताना जकात भरावी लागते, हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. परंतु सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंतच्या मुदतीसाठी, आगाऊ ठरलेल्या मोबदल्यात, खोल दर्या आणि त्यातील मासा पकडण्याची संधी एखादा मनुष्य रीतसर दुकान मांडून विकतो आहे, असे आपल्या किनाऱ्यावरील कोळ्यास सांगितले, तर तो प्रथम सांगणाऱ्याच्या आणि नंतर विकत घेणाऱ्याच्या शहाणपणाविषयी शंका घेईल. अमेरिकेच्या आग्नेय टोकाला, फ्लॉरिडा राज्याच्या पायथ्याशी, ‘कीज’ नावाची जी बेटांची माळ नैर्ऋत्येकडे वळत गेली आहे, तेथे मात्र हा व्यापार इतका रुळलेला आहे की गावेच्या गावे त्याच्यावर पोट भरतात. या व्यवहाराला इंग्रजीत ‘चार्टर’ असे नाव आहे. आपल्या जुन्या दप्तरांत या शब्दाला ‘सनद’ हा प्रतिशब्द सापडेल, आणि तो अगदीच अस्थानी नाही. कारण चार तासांपुरती का होईना, ती नाव, तिचा तांडेल, त्याचा मदतनीस आणि त्या दोघांची उभ्या जन्माची विद्या ही गिऱ्हाइकाच्या अंमलाखाली येतात. हुकूम मात्र तांडेलाचाच चालतो. आपल्याकडे नावेच्या धन्याला ‘नाखवा’ म्हणतात, तो शब्द फारसीतील ‘नाखुदा’चा, म्हणजे नावेच्या ईश्वराचा, अपभ्रंश होय, आणि धक्का सुटल्यानंतर त्या ईश्वरापुढे सनदेची मातब्बरी किती, हे ज्याला कधी भर पाण्यात बोट लागली आहे त्याला विचारावे.

माझा पुतण्या मायामीस नोकरीनिमित्त राहतो. त्याने माझ्या तेथील मुक्कामात इस्लामोराडा या गावच्या एका तांडेलाकडे इसार भरून ठेवला होता. नाव चाळीस फुटी, भाडे संपूर्ण नावेचे, हजार डॉलरच्या घरात. माणसे एक असोत वा सहा, दर तोच. “काका, चार तास पुरेत,” तो म्हणाला, “आठ तासांत तुम्ही दमाल, आणि माझा खिसाही दमेल.” दरडोई तिकीट घेऊन चाळीस-पन्नास माणसांच्या रांगेत कठड्याला टेकून गळ टाकायचा, असे दुसरेही एक स्वस्त प्रकरण तेथे असते, त्याची गंमत निराळी, आणि दोऱ्यांचा गुंताही निराळा. चार्टरच्या लहान नावेवर मात्र सहांहून अधिक उतारू घेण्यास मनाई आहे, कारण तेथील तटरक्षक दलाकडून या वर्गाच्या तांडेलांना जो परवाना मिळतो तो सहांपुरताच असतो. दर्यावरील तीनशे साठ दिवसांच्या अनुभवाचा दाखला दिल्याखेरीज हा परवाना हाती पडत नाही. लोकांनी मात्र त्याला, बिअरचे सहा डबे एकत्र बांधून मिळतात त्यावरून, ‘सिक्स-पॅक’ हे नाव देऊन टाकले आहे.

आता चार तासांचा हिशेब पाहावा, कारण या सर्व प्रकरणाची किल्ली त्या हिशेबात आहे. नावेचा वेग ताशी वीस सागरी मैल धरला, आणि जाण्यास अर्धा-पाऊण तास व येण्यास तितकाच वेळ खर्ची घातला, तर प्रत्यक्ष मासेमारीस अडीच-तीन तास उरतात. म्हणजे ज्या पाण्यात मोठा, भटका, खोल दर्यातला मासा फिरतो ते पाणी धक्क्यापासून दहा-पंधरा मैलांच्या आत असले पाहिजे. ते वीस मैलांवर गेले की धंदा लंगडा होतो आणि चाळीस मैलांवर गेले की ‘अर्धा दिवस’ हा शब्दच पाटीवरून पुसावा लागतो. सारांश, तांडेल कितीही निष्णात असला आणि नाव कितीही चपळ असली, तरी अर्ध्या दिवसाचा दर्या विकता येईल की नाही, हे समुद्राच्या तळाचा उतार ठरवतो. इस्लामोराड्याहून निघाले की चार-पाच मैलांवर प्रवाळाची कड लागते. तिच्या माथ्यावर पाणी काही ठिकाणी पुरुषभर देखील नसते. ती कड ओलांडली की तळ पायरीपायरीने नव्हे, घाट उतरावा तसा उतरतो, आणि दहा मैलांच्या सुमारास तांडेलाच्या यंत्रावर पाचशे-सहाशे फुटांचे आकडे दिसू लागतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची गोष्ट नेमकी उलट आहे. मुंबईहून पश्चिमेस निघालेल्या गलबतास भूखंडाच्या पाण्याखालील ओसरीची कड गाठण्यासाठी सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते. ही ओसरी इतकी प्रशस्त की किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर, जेथे मुंबईचे दिवे दिसण्याचा प्रश्नच नाही, अशा ठिकाणी १९७४ साली ‘मुंबई हाय’ येथे तेल लागले, आणि तेथे पाणी उथळ, म्हणजे जेमतेम चाळीस वाव, असल्यामुळेच तळाला पाय टेकवून पोलादी मनोरे उभे करता आले. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. तरी मालवण-विजयदुर्गासमोर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले प्रवाळपठार किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. ताशी सात-आठ सागरी मैलांनी जाणारी आपली मच्छीमार नाव तेथे पोहोचेपर्यंत इस्लामोराड्याच्या नावेच्या जवळजवळ दोन फेऱ्या, गिऱ्हाइकांच्या जेवणासकट, होऊन जातील. आता मालवण-देवबागकडेही पर्यटकांना गरी टाकायला नेणाऱ्या होड्या आहेत, आणि त्यांतून गरवण्यात एक शांत सुख आहे. परंतु त्या होड्या किनारा नजरेआड होऊ देत नाहीत. यात खेद मानण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्या उथळ, गाळयुक्त, नद्यांच्या पाण्याने पोसलेल्या ओसरीने आपल्याला अर्ध्या दिवसाचा छंद नाकारला, तिनेच बोंबील, पापलेट आणि कोळंबी दिली. डोलीच्या जाळ्यांवर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्या कोळीवाड्यांना हा सौदा तोट्याचा वाटला असेल असे म्हणवत नाही.

फ्लॉरिडाच्या त्या कडेपलीकडे केवळ खोली नाही. तेथे समुद्रात एक नदी वाहते. व्यापारी वाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रात आणि मेक्सिकोच्या आखातात लोटलेले पाणी क्यूबा आणि फ्लॉरिडा यांमधील चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडते, त्याला पुढे ‘गल्फ स्ट्रीम’ म्हणतात. दर सेकंदास सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी तेथून वाहते, आणि मध्यधारेचा वेग ताशी चार सागरी मैलांपर्यंत चढतो. १५१३ साली पोन्स द लिऑन या स्पॅनिश दर्यावर्द्याची गलबते अनुकूल वारा असताना मागे ढकलली गेली, ती याच धारेमुळे. पुढे अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँक्लिन हा डाकखात्याचा अधिकारी असता, इंग्लंडहून येणारी सरकारी टपालाची जहाजे व्यापारी जहाजांपेक्षा मागाहून का पोहोचतात, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने आपल्या नात्यातील टिमोथी फोल्जर या नँटकेटच्या दर्यावर्द्यास विचारले. फोल्जरने सांगितले की देवमाशांच्या मागे हिंडणाऱ्या आमच्या लोकांना ही धार ठाऊक आहे, टपालवाल्यांना आम्ही सांगूनही पाहिले, पण ते स्वतःला आमच्याहून शहाणे समजतात. त्या दोघांनी मिळून धारेचा नकाशा छापला. तो पाहूनही टपालवाले कित्येक दिवस सुधारले नाहीत. सरकारी खात्याचा स्वभाव देशपरत्वे फारसा बदलत नसावा.

आम्ही आठाला पाच मिनिटे असताना धक्का सोडला. तांडेल वर मचाणावर, सुकाणूपाशी. खाली मागच्या मोकळ्या जागेत ‘मेट’, म्हणजे त्याचा मदतनीस, पंचविशीचा, अबोल पोरगा. नाव वेगात असता तो पोरगा बर्फाच्या पेटीतून ‘बॅलीहू’ नावाचे वीतभर लांबीचे, चंदेरी, खालचा जबडाच तेवढा सुईसारखा पुढे आलेले मासे काढून आमिष सजवीत होता, आणि मी त्या एका कृतीकडे जितका वेळ पाहिले तितका वेळ त्या दिवशी समुद्राकडेही पाहिले नसेल. प्रथम तो माशाचे पोट अंगठ्याने शेपटीकडे दाबून आतली घाण काढी, म्हणजे आमिष लवकर नासत नाही. मग दोन्ही हातांत धरून त्याचा कणा ओल्या कपड्यासारखा हलकेच मागेपुढे वाकवी, म्हणजे पाण्यातून ओढताना मेलेला मासा ताठ न राहता जिवंतासारखा वळवळतो. मग गळ कल्ल्यातून आत घालून पोटाखाली बाहेर काढी, आणि त्या सुईसारख्या चोचीभोवती तांब्याची बारीक तार सात-आठ वेढे देऊन आवळी. हे सारे हेलकावणाऱ्या नावेत, हाताकडे न पाहता. एवढे करून तो मासा पाण्यात सोडून पाही. जरा जरी भिंगरीसारखा फिरला तरी काढून टाकी. फिरणारे आमिष मासा ओळखतो, असे त्याने विचारल्यावर सांगितले, आणि न विचारता त्याने सांगितलेले दुसरे वाक्य मला आठवत नाही.

डावीकडे ‘ॲलिगेटर रीफ’चा दीपस्तंभ मागे पडला. पाण्यात रोवलेल्या लोखंडी पायांवर १८७३ सालापासून तो उभा आहे, आणि त्याचे नाव सुसरीवरून नव्हे, चाच्यांचा बंदोबस्त करण्यास आलेले ‘ॲलिगेटर’ हे लढाऊ गलबत १८२२ साली त्या प्रवाळावर फुटले त्यावरून पडले आहे. त्यानंतर थोड्याच वेळात पाण्याचा रंग बदलला. हिरवट, दुधाळ पाणी आणि गर्द निळे पाणी यांच्यामध्ये शिंप्याने टीप मारावी तशी स्पष्ट रेघ दिसत होती. त्या निळाईचे कौतुक करणाऱ्यांना हे सांगितलेले आवडत नाही, पण निळा हा समुद्राच्या वैराण प्रदेशाचा रंग आहे. सूक्ष्म वनस्पती जितकी कमी तितके पाणी निळे. म्हणून जाणता तांडेल निळ्याच्या मध्यभागी जात नाही. तो शिवेवरून चालतो, जेथे दोन पाणी घासतात, जेथे सोनेरी-तपकिरी ‘सारगॅसम’ शेवाळाचे तरंगते पट्टे जमतात, त्या पट्ट्यांच्या सावलीत बारकी पिल्ले आसरा घेतात, आणि पिल्लांवर डोळा ठेवून मोठे मासे घिरट्या घालतात. वर आकाशात काळे, कात्रीसारख्या शेपटीचे फ्रिगेट पक्षी दिसले की तांडेलाची मान तिकडे वळे. सहा आमिषे पाण्यात पडली. दोन्ही बाजूंना लांब काठ्या पंखांसारख्या पसरल्या, त्यांच्या टोकांच्या चिमट्यांत दोऱ्या अडकवल्या गेल्या, आणि वेग सहा-सात मैलांवर आला.

वेग उतरताच नाव डोलू लागली, आणि मला बोट लागली. याविषयी लपवाछपवी करण्याचे वय आता राहिलेले नाही. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय सांगते की सर्व हलते आहे, आणि जवळच्या फळीवर खिळलेले डोळे सांगतात की काही हलत नाही. या दोन साक्षींतील विसंगतीचा निवाडा मेंदूला करता येत नाही, आणि शिक्षा पोटाला होते. सुनेने बरोबर दिलेला आलेपाक मी निष्ठेने चघळला. गुण आला तो मात्र तांडेलाच्या सल्ल्याने: खाली पाहू नका, धुराच्या बाजूला बसू नका, क्षितिजाची रेघ धरा. क्षितिज हलत नाही याची डोळ्यांनी कबुली देताच पोटाने हळूहळू तक्रार मागे घेतली.

क्षितिज धरून बसलो असता पुतण्याने मला या छंदाची जन्मकथा विचारली. आणि शिक्षकीपेशा हाडी मुरलेल्या माणसास एवढे पुरे होते. दांडी आणि रीळ वापरून मोठा मासा झुंजवून पकडण्याचा खेळ पश्चिमेकडे, कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर रूढ झाला. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाच्या गृहस्थाने १८९८ साली तेथे १८३ पौंडांचा ट्यूना दांडीने पकडला, आणि त्याच वर्षी ‘ट्यूना क्लब’ स्थापन करून किती जाडीची दोरी वापरावी, मासा झुंजवताना दुसऱ्याने हात लावावा की नाही, यांचे कायदे केले. त्या काळचे रीळ क्रूर होते. मासा पळू लागला की त्याची मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटांची पेरे फोडी; दोरीला अटकाव करायचा तर चामड्याचा तुकडा अंगठ्याने रिळावर दाबून धरावा लागे. आत ब्रेक बसवलेले, मूठ स्थिर राहणारे रीळ १९१३ च्या आसपास आले, आणि मग पूर्वी केवळ भाल्याने मारला जाणारा तलवारमासाही दांडीच्या टप्प्यात आला. कीजमध्ये हेन्री फ्लॅग्लरच्या रेल्वेने, जी १९१२ साली समुद्रावरून की वेस्टपर्यंत पोहोचली, लाँग की या बेटावर मासेमारीची छावणी चालवली. कादंबरीकार झेन ग्रे तेथील क्लबाचा अध्यक्ष होता. ती छावणी आणि ती रेल्वे, दोन्ही २ सप्टेंबर १९३५ च्या तुफानाने एका रात्रीत नेली. चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत पहिल्या महायुद्धातून जगून आलेले आणि सडकेच्या कामावर असलेले सैनिक पुष्कळ होते. इस्लामोराड्यात सडकेलगत त्यांचे स्मारक आहे. सकाळी त्याच्यावरून गाडी हाकताना आम्ही कॉफी कोठे मिळेल याचा विचार करीत होतो.

येथवर आलो असता उजव्या काठीवरचा चिमटा फटकन सुटला. रीळ किंचाळले, मेटने दांडी माझ्या हाती दिली, मी ओढू लागलो, आणि क्षणात दोरी निर्जीव झाली. वर काढून पाहतो तो आमिषाचा मागचा अर्धा भाग वस्तऱ्याने कापावा तसा सरळ कापलेला, गळ मात्र जागच्या जागी. “किंगफिश,” तांडेल वरून म्हणाला. हा मासा आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ आहे. शास्त्रज्ञ दोघांनाही ‘स्कॉम्बेरोमोरस’ याच प्रजातीत घालतात. आपल्या सुरमईच्या अंगावर उभ्या करड्या रेघा असतात, याची पाठ कोरी, इतकेच. दातांची धार दोघांच्याही घराण्यात आहे, म्हणून मेटने त्या दोरीला पोलादी तार जोडली आणि दुसरा गळ आमिषाच्या शेपटीत लपवला.

पुढे शेवाळाच्या पट्ट्याशी जे घडले त्याला मी तयार नव्हतो. तीन दांड्या एकदम वाकल्या, आणि पाण्यातून हिरव्या-पिवळ्या-निळ्या रंगाचे, मोराच्या मानेसारखे झळाळते, कपाळ भिंतीसारखे उभे असलेले मासे उसळ्या घेऊ लागले. यांना तेथे ‘डॉल्फिन’ म्हणतात आणि त्यामुळे परक्या माणसाचा उगाच जीव कळवळतो; श्वास घ्यायला वर येणाऱ्या डॉल्फिनशी यांचा काडीचा संबंध नाही. हवाई बेटांवरचे ‘माही-माही’ हे नाव आता जगभर चालते. हा मासा घाईने जगतो. काही महिन्यांतच अंडी घालण्याजोगा होतो, आणि चार-पाच वर्षांपलीकडे सहसा टिकत नाही. मी दांडी उचलली, पण ती खाली घेताना दोरी गुंडाळली नाही; दोरी सैल पडली, मासा हवेत उडाला, मान झटकून त्याने गळ माझ्याकडे परत पाठवला. दांडी सावकाश वर, मग खाली येता येता गुंडाळणे, ताण क्षणभरही सुटू न देणे: ही एवढीच विद्या, पण ती पहिला मासा गमावल्याखेरीज हाताला कळत नाही. रिळाचा ब्रेक दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर बांधलेला असतो, तो झुंज चालू असताना गिऱ्हाइकाने पिळू नये, हेही मला तेव्हाच सौम्य शब्दांत सांगण्यात आले.

दुसरा मासा मी कठड्यापर्यंत आणला, आणि तो वर घेणार इतक्यात मेटने हाताने थांबवले. गळाला लागलेला एक मासा पाण्यातच ठेवला की त्याचे सोबती त्याला सोडून जात नाहीत. त्याच्याभोवती फिरत राहतात. तो पोरगा चिरलेल्या माशाचे तुकडे पाण्यात फेकीत होता, पुतण्या एकामागून एक मासे वर घेत होता, आणि माझी दांडी त्या सापळ्यातील खुंटी झाली होती. युक्ती अचूक होती. ती पाहताना मला जे वाटले त्याला मासेमाराच्या भाषेत शब्द नसावा. शेवटी माझाही मासा वर आला, आणि बर्फाच्या पेटीत पडल्यावर दोन-तीन मिनिटांत त्याच्या अंगावरून पिवळा गेला, हिरवा गेला, निळे ठिपके क्षणभर पेटले आणि विझले. उरला तो जस्ताचा रंग. झाकण पडेपर्यंत मी पाहत राहिलो.

प्रत्येक मासा पट्टीवर ठेवून मोजला जात होता. फ्लॉरिडाच्या अटलांटिक बाजूस तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत वीस इंचांहून लहान माही ठेवता येत नाही. साडेएकोणीस इंचांचा एक मासा पुतण्याच्या विनवणीकडे लक्ष न देता परत गेला. गिऱ्हाइकाला स्वतःचा परवाना काढावा लागत नाही, तांडेलाचा परवाना त्याला झाकतो. म्हणून चूक झाल्यास जप्ती आणि दंड कोणाच्या माथी, याविषयी तांडेलाला संदेह नसतो. हद्दीचा कायदाही तेथे गमतीचा आहे: अटलांटिककडे राज्याचा अंमल किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आणि आखाताच्या बाजूला नऊ, त्यापुढे मध्यवर्ती सरकारचा. मासा मात्र कोणत्या सरकारच्या पाण्यात आमिष गिळावे याचा विचार करीत नाही.

परतताना, प्रवाळाच्या कडेशी, पोलादी तारेने आपले काम केले आणि अडीच हातांचा एक किंगफिश वर आला. बाराला दहा कमी असताना आम्ही धक्क्याला लागलो. मेट फळीवर मासे कापत होता. पेलिकन पक्षी रांगेने, कचेरीबाहेरच्या अर्जदारांसारखे, काट्यांची वाट पाहत बसले होते. मेटला भाड्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी बक्षिसी वेगळी द्यायची असा तेथील शिरस्ता आहे. आम्ही पैसे मोजत असतानाच त्याने पाण्याची नळी सोडून फळ्या धुतल्या आणि बर्फाची नवी पेटी उघडली. एक वाजताची मंडळी धक्क्यावर टोप्या सावरीत उभी होती.

संध्याकाळी मायामीस सूनबाईने दोन्ही पिशव्या ओट्यावर उघडल्या. ती मूळची वेंगुर्ल्याची. माहीचे पांढरे तुकडे तिने हात न लावता बाजूला सारले, किंगफिशची एक कापटी उचलून उजेडात धरली, बोटाने दाबून पाहिली, आणि तिचा चेहरा खुलला. हळद, तिखट, कोकमाचे आगळ लागले, तांदळाचा रवा लागला, तव्यावर तेल तापले. पहिली तुकडी माझ्या ताटात वाढताना तिने सहज विचारले, “काका, ही सुरमई केवढ्याला पडली?”

पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी ताटाकडे पाहिले.